फुलांवर स्वेटर

मार्चच्या २० किंवा २१ तारखेला सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर येतो. हा वसंतसंपात. त्या दिवशी दिवस-रात्र समसमान, असं आपण शाळेत घोकलेलं. पण मुंबईत घड्याळ लावून बसा, दिवस बारा तासांपेक्षा सातेक मिनिटांनी मोठा निघेल. वातावरणात किरण वाकतात, त्यामुळे क्षितिजाखालचा सूर्यही दिसतो. शिवाय उदय नि अस्त मोजायचे ते बिंबाच्या वरच्या कडेवरून.

गंमत पुढेच आहे. या सुमारास मुंबईचा दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो, लंडनचा जवळपास चार मिनिटांनी. तिथे उजेड धावत येतो, ऊब मात्र रेंगाळते. समुद्र तापायला वेळ घेतो. म्हणून तिकडे फुलाफुलांच्या फ्रॉकवर लोकरी स्वेटर चढवून वसंताचं स्वागत होतं. आपले स्वेटर तोवर डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत गेलेले असतात.

ती फुलं मुळात इथलीच. कोरोमंडल किनाऱ्यावरची छींट, म्हणजे फुलाफुलांचं सुती कापड, सतराव्या शतकात युरोपात गाजली, इंग्रजीत ‘चिंट्झ’ झाली. तिचं मर्म तुरटीत. सुती धागा सहसा रंग धरून ठेवत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा पकडतं, दुसऱ्याने मुळांपासून काढलेला तांबडा रंग. मग कितीही धुवा, पाकळी फिकटत नाही. इंग्लंडचे लोकर-रेशीमवाले इतके धास्तावले, की १७२१च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी आली. ती उठायला १७७४ उजाडलं.