चिलटांचं बेणं

एक लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर. रवा-गूळ आमच्या केज गावातल्या किराणा दुकानात मिळतो, अगर तेवढा बाहेरून मागवावा लागतो. मिश्रण ढवळत शिजवायचं, खाली उतरवलं की बुरशीवर उतारा म्हणून साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल घालायचं आणि घट्ट होण्याआधी काचेच्या नळ्यांत ओतायचं. वर यीस्टचे चार दाणे टाकले की प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला स्वयंपाक संपला.

जेवणारी मंडळी म्हणजे केळीच्या गाड्यावर घोंगावणारी चिलटं, ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. पेरूत अळ्या पाडते ती फळमाशी निराळी. तिच्यासाठी आपल्याकडे बागेत सापळे टांगतात. आमच्या चिलटाला धड फळाशी देणंघेणं नाही, त्याला आंबलेलं हवं.

ट्रेमध्ये ओळीनं नळ्या उभ्या आहेत. एकीत ओरेगॉन-आर, म्हणजे लाल डोळ्यांची मूळ जात. दुसरीत पांढऱ्या डोळ्यांची, तिसरीत काळसर अंगाची, चौथीत खुरटलेल्या पंखांची. यातली पांढऱ्या डोळ्यांची जात थॉमस मॉर्गन यांना १९१० साली न्यूयॉर्कला सापडली आणि गुणसूत्रांवर जनुकं असतात या विचाराला पक्का आधार मिळाला. आमच्या बी.एस्सी.च्या मुली भिंगातून पाहतात ते डोळे त्याच बदलाचे.

शेतकरी घरचं बेणं राखतो तसंच हे काम, पण ज्वारीचं बी कणगीत वर्षभर निवांत पडून राहतं. चिलटाला ती सवलत नाही. २५ अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, १८ अंशांवर जवळजवळ दुप्पट. तेवढ्यात खाद्य सुकतं, गर्दी होते, अळ्यांनी सगळं पातळ करून टाकलेलं असतं. मग नळी बदलायची. कापसाचा बोळा काढण्याआधी नळी मऊ गादीवर आपटायची, कारण माश्यांचा ओढा कायम वर असतो. त्या तळाला पडल्या की तोंडावर नवी नळी उपडी धरायची, दोन्ही उलटवून पुन्हा आपटायचं, बोळा लावायचा, चिठ्ठीवर जातीचं नाव आणि तारीख. जुनी नळी लगेच धुवायला टाकायची नाही. नवीत अळ्या दिसेपर्यंत तीच राखीव.

बोळा सैल राहिला तर बाहेरचं चिलट आत शिरतं. पांढऱ्या डोळ्यांच्या नळीत गावठी नर घुसला, तर त्याच्यापासून झालेल्या माद्या लाल डोळ्यांच्या आणि नर मात्र पांढऱ्याच डोळ्यांचे निघतात. डोळ्यांच्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि नराला ते आईकडूनच मिळतं. जात बाटली, पण मुलांना धडा फुकट मिळाला. ती पुन्हा शुद्ध करायची तर नुकत्याच बाहेर पडलेल्या फिकट, अंग न भरलेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात. एकदा संग झाला की मादी ते शुक्राणू साठवून पुढं कितीतरी दिवस वापरते. दुसरा शत्रू माईट, पिकावरच्या लाल कोळ्याचा भाऊबंद. म्हणून बाहेरून आलेली नळी पहिली पिढी निघेपर्यंत वेगळ्या खोलीत.

तिसरा शत्रू आमचा उन्हाळा. ३० अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात, आणि इथं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. थंड कपाट विजेवर चालतं. वीज गेली की ओलं गोणपाट आणि कूलरच्या तळातलं पाणी. उष्णता हाच ज्यांचा धडा अशाही जाती आहेत. 'पॅरालिटिक' जातीची माशी २९ अंशांना लुळी पडते, गारव्यात पुन्हा उठते. ओबेद सिद्दिकी आणि सीमोर बेन्झर यांनी १९७६ साली अशा माश्यांमध्ये तापल्यावर चेतातंतूंचा संदेश कसा अडतो ते दाखवलं. पुढं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चव-वास न कळणाऱ्या माश्या निवडून काढल्या. त्यातली प्रत्येक जात कुणीतरी नळी बदलत राहिलं म्हणूनच पुढच्यांच्या हाती आली.

गोठवून का ठेवत नाहीत, असं विद्यार्थी दर वर्षी विचारतात. गर्भ गोठवण्याच्या रीती निघाल्या आहेत, २०२१ साली मिनेसोटातल्या संशोधकांनी त्या बऱ्याच सुधारल्या. तरी अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या केंद्रात हजारो जाती आजही जिवंतच सांभाळल्या जातात. भारतात म्हैसूर विद्यापीठाचं केंद्र हेच काम करतं.

जिवंत सांभाळलेली जात कधीही हातची जाऊ शकते, म्हणून या धंद्यात मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतून माश्या मागेल त्याला जात. १९३४ साली ब्रिजेस आणि डेमेरेक या संशोधकांनी चिलटांच्या अभ्यासकांसाठी पत्रिका काढली, तीत कुणाकडं कुठली जात आहे याच्या याद्या असत. यात औदार्य आहे तसा हिशेबही आहे. एका उन्हाळ्यात आमची खुरट्या पंखांची जात संपली आणि आम्ही अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेला फोन केला, कारण ती आधी तिकडं दिलेली होती. त्यांनी नळी पाठवली, बदल्यात काळसर अंगाची मागून घेतली. आता नवी जात आली की ती आधी दुसऱ्या गावी पोहोचवायची आणि मगच वर्गात काढायची, असा आमचा नेम आहे. एकाच गावात असलेली जात आम्ही आपली धरत नाही.