बालकांचे अडखळत बोलणे : काळजी केव्हा करावी?

मूल बोलू लागले म्हणजे घरात आनंदाला पारावार राहत नाही. परंतु दोन-अडीच वर्षांचे तेच बालक एके दिवशी ‘आ-आ-आ-आई’ असे अडखळू लागले, की कौतुकाची जागा चिंता घेते. घरातील कोणी ‘आपोआप जाईल’ म्हणून स्वस्थ बसतो, तर कोणी ‘नीट बोल’ म्हणून मुलाला दटावतो. यांपैकी एकही मार्ग योग्य नाही. काय स्वाभाविक आहे व कशाकडे दुर्लक्ष करू नये, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्वाभाविक अडखळणे

दोन ते पाच वर्षे या वयात मुलाचा शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो व ते वाक्ये रचू लागते. सांगावयाचे पुष्कळ असते. परंतु श्वास, जीभ व ओठ यांचा मेळ अद्याप पुरता बसलेला नसतो. त्यामुळे ‘मला मला लाडू पाहिजे’ अशी पूर्ण शब्दाची पुनरुक्ती होते किंवा मध्येच ‘अं... अं...’ येते. मूल थकलेले अथवा उत्तेजित असताना हे वाढते. ही भाषा शिकण्याच्या वाटेवरील एक पायरी होय.

तोतरेपणाची लक्षणे

खऱ्या तोतरेपणात शब्द आतूनच तुटतो. ‘प-प-प-पाणी’ असे अक्षर पुनःपुन्हा उच्चारले जाते, ‘आऽऽऽई’ असा स्वर लांबतो किंवा तोंड उघडूनही आवाज फुटत नाही. डोळे मिचकावणे, मान झटकणे, चेहरा ताणणे हीही लक्षणे दिसतात.

शंभरातील सुमारे पाच मुले बालपणी केव्हा ना केव्हा तोतरे बोलतात. त्यांपैकी बहुतेकांचे बोलणे पुढे सुधारते; प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आढळते. मात्र कोणते मूल आपोआप सुधारेल, हे आधी निश्चित सांगता येत नाही. म्हणून पुढीलपैकी काही आढळल्यास वाक्‌-उपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा :

१. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले किंवा वाढत गेले.
२. ते साडेतीन वर्षांच्या वयानंतर सुरू झाले.
३. कुटुंबात कोणाचा तोतरेपणा मोठेपणीही टिकून आहे.
४. बोलताना ताण दिसतो किंवा मूल बोलणेच टाळू लागले आहे.

मुलींपेक्षा मुलांमध्ये तोतरेपणा टिकून राहण्याचा संभव अधिक असतो. शेवटचे लक्षण दिसल्यास सहा महिने वाट पाहू नये. उत्तर येत असूनही गप्प बसणारे मूल शाळेत ‘मंद’ ठरविले जाते, आणि ही हानी तोतरेपणाहून मोठी असते.

गैरसमज आणि उपाय

तोतरेपणात आनुवंशिकतेचा व मेंदूतील वाणीनियंत्रणाचा संबंध असतो. तो आईवडिलांच्या चुकीने येत नाही किंवा बुद्धीच्या कमतरतेचे चिन्हही नाही. वेखंड चाटविल्याने अथवा जिभेखालचा पडदा कापल्याने तो जात नाही.

घरातील मोठ्यांनी स्वतः सावकाश बोलावे. मुलाचे वाक्य आपण पूर्ण करू नये. ‘थांब, पुन्हा सांग’ असे म्हणू नये, नक्कल करू नये व कोणास करू देऊ नये. पाहुण्यांपुढे गाणी म्हणून दाखविण्याचा आग्रह धरू नये. दिवसातून पाच-दहा मिनिटे तरी हातातील काम बाजूस ठेवून, ते कसे बोलते याकडे नव्हे, तर काय सांगते याकडे लक्ष द्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे झाला. त्याअंतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी करतात. त्या वेळी पालकांनी ही अडचण अवश्य सांगावी. गरजेनुसार बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण या क्षेत्रात कार्य करते. लहान वयातील उपचारात औषधापेक्षा पालकांच्या सहभागाचेच महत्त्व अधिक असते.

मुलाला बोलण्याची भीती वाटू लागण्यापूर्वी त्याला मदत मिळाली पाहिजे. तिची सुरुवात त्याचे बोलणे शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेणाऱ्या घरातच होते.