कायदे कौन्सिलात कोण बसत असे?

विधानसभेची निवडणूक आली की आपल्या शिरोळ तालुक्यातील अनेक शाळांत मतदान केंद्रे उघडतात. त्या दिवशी शाळेला सुटी मिळते, म्हणून निवडणूक तुम्हाला आवडते, हे मला ठाऊक आहे! घरातील मोठी माणसे रांगेत उभी राहतात, बोटाला शाई लावून घेतात आणि मत देतात. शंभर वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण १९२३ साली, शिरोळ गावातील माणसे कोणाला मत देत असतील?

कोणालाच नाही. त्या काळी मुंबईत एक सभागृह होते. तेथे सभासद बसत, प्रश्न विचारत, कायदे करत. पण त्या सभागृहात शिरोळचा कोणी सभासद नव्हता आणि शिरोळात त्याचा कोणी मतदारही नव्हता. याचे कारण असे की, शिरोळ हे करवीर संस्थानात, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात होते. कुरुंदवाडला पटवर्धनांचे राज्य होते. चिकोडी, अथणी हा जवळचाच मुलूख मात्र इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तो मुंबई इलाख्यात मोडत असे. ('इलाखा' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. 'कायदा' आणि 'हक्क' हेही. या धड्यात असे बरेच जुने सोबती भेटतील.) मुंबई इलाखा फार मोठा होता. त्यात कोकण होते, पुणे-सातारा होते, गुजरातचा व कर्नाटकाचा काही भाग होता आणि दूरचा सिंधही होता.

या इलाख्यासाठी कायदे करणाऱ्या सभेला लोक 'कायदे कौन्सिल' म्हणत. १८६१ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १८६२ साली तिचे काम सुरू झाले. आरंभी तिच्यात मोजकेच सभासद होते आणि तेही सरकारने नेमलेले. नाना शंकरशेट हे पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक. पुढे १८९२ च्या कायद्याने काही सभासद नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांच्या मार्फत येऊ लागले. फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हे याच वाटेने कौन्सिलात गेले.

इतकी मोठी माणसे तेथे असूनही त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. १९०१ सालचे उदाहरण पाहा. दुष्काळाने शेतकरी खंगले होते. सरकारने शेतसाऱ्यासंबंधी एक विधेयक आणले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्याला देताना, ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क त्याला ठेवायचा नाही, अशी त्यात तरतूद होती. मेहता, गोखले आणि इतर लोकप्रतिनिधींनी विरोध केला. विधेयक पुढे ढकलावे, लोकांचे मत घ्यावे, असे त्यांनी सांगितले. पण सरकारी सभासदांची संख्या अधिक होती. मागणी फेटाळली गेली. तेव्हा मेहता उठले आणि सभागृहाबाहेर गेले, त्यांच्यामागोमाग गोखले व इतर काही सभासदही गेले. आज वर्तमानपत्रात आपण 'सभात्याग' हा शब्द वरचेवर वाचतो. त्या काळी ही फार धाडसाची गोष्ट होती. विधेयक मात्र मंजूर झालेच.

येथे एक खुलासा करतो, कारण परीक्षेत अनेकजण येथेच चुकतात. 'विधेयक' म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. सभागृहाने तो मंजूर केला आणि त्यावर राज्यप्रमुखाची मान्यता मिळाली की त्याचा 'कायदा' होतो. 'ठराव' ही वेगळी गोष्ट आहे. ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला केलेली शिफारस. ती न मानल्याबद्दल कोणाला शिक्षा होत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढे एका विहिरीपाशी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९१९ साली नवा कायदा झाला आणि १९२१ पासून कौन्सिलचे रूप पालटले. आता मुंबई कौन्सिलात सव्वाशेच्या आतबाहेर नव्हे, तर नेमके ११४ सभासद बसू लागले. त्यांपैकी ८६ निवडून आलेले आणि बाकीचे सरकारने नेमलेले असत. मुदत तीन वर्षांची होती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपवली गेली. पोलीस, जमीन महसूल आणि तिजोरी मात्र गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाने आपल्याकडे राखून ठेवली. याला 'द्विदल राज्यपद्धती' म्हणतात. शाळा काढण्याची जबाबदारी मंत्र्याची आणि पैशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार होता. असा संसार कसा चालणार, हे तुम्हीच सांगा.

या ८६ जणांना मत कोण देत असे? खेड्यात साधारणपणे ज्याच्या जमिनीचा शेतसारा ३२ रुपये किंवा अधिक असेल, त्यालाच मताचा हक्क होता. रत्नागिरीसारख्या काही गरीब जिल्ह्यांत ही अट १६ रुपयांची होती. कुळाने कसलेली जमीन, मजुराची मेहनत, विणकराचा माग यांना त्या यादीत जागा नव्हती. शंभर माणसांमागे चार-पाच मतदारही जेमतेम असत. स्त्रियांना आरंभी मत नव्हतेच. १९२१ साली कौन्सिलने ठराव करून त्यांना मताचा हक्क दिला, पण अट तीच राहिली आणि आपल्या नावावर जमीन किंवा घर असलेल्या स्त्रिया गावात असून किती असणार?

निवडून येणाऱ्या ८६ जागांपैकी २७ मुसलमानांसाठी होत्या. या जागांसाठी फक्त मुसलमान मतदार मत देत. याला 'विभक्त मतदारसंघ' म्हणतात. १९०९ च्या कायद्याने ही पद्धत आली आणि १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेस व मुस्लिम लीग या दोघांनी जागांचे प्रमाण मान्य केले. २७ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण त्यात सिंधचा वाटा मोठा होता, कारण तेथे मुसलमानांची वस्ती अधिक होती. सिंधमधला मोठा जमीनदार आणि साताऱ्याकडचा पिंजारी किंवा बागवान यांचा धर्म एक असला, तरी दोघांची गाऱ्हाणी एक नव्हती. जमीनदाराला पाटबंधाऱ्याची काळजी होती आणि बागवानाला उद्याच्या बाजाराची. माझ्या मते या पद्धतीचे खरे दुखणे हेच होते, की उमेदवाराला शेजारच्या गल्लीत मत मागायला जाण्याची गरजच उरली नाही. मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या, पण तेथे मतदार सर्व हिंदू एकत्र असत. स्वातंत्र्यानंतर विभक्त मतदारसंघ बंद झाले.

मुस्लिम सभासदांनी या सभागृहात महत्त्वाची कामे केली, हेही सांगितले पाहिजे. सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला १९२१ च्या पहिल्या मंत्र्यांपैकी एक होते. सर नारायण चंदावरकर यांच्यानंतर सर इब्राहिम रहिमतुल्ला कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि पुढे अली महंमद खान देहलवी यांनी ते पद सांभाळले.

कौन्सिलचे अधिवेशन वर्षभर चालत नसे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रकासाठी मुंबईत आणि पावसाळ्यात बहुधा पुण्यात ते भरे. कामकाज इंग्रजीत चाले. ज्याला इंग्रजी नीट येत नसेल, त्याला प्रांतातील मान्य देशी भाषेत बोलण्याची मोकळीक होती. पण विचार करा, विधेयक इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत आणि आपण मात्र मराठीत किंवा उर्दूत उभे! दुसरी भाषा का शिकावी, असे तुम्ही मला वर्गात विचारता, तेव्हा मला हे सभासद आठवतात.

आता त्या विहिरीकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले या सभासदांनी कौन्सिलात एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो होता. बोले स्वतः भंडारी समाजातले, मुंबईच्या कामगारांत काम करणारे. अस्पृश्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी तेव्हा सभागृहात नव्हते, त्यांच्या वतीने फक्त सरकारनियुक्त सभासद असे. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तसे कळवलेही.

पण तो ठराव होता, कायदा नव्हता. विहिरी नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताब्यात होत्या. बहुतेकांनी कागद फायलीत ठेवून दिला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी तळ्यावर पाणी प्यायला कोणी जाऊ शकले नाही. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोले पुन्हा उभे राहिले आणि जी नगरपालिका किंवा बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही, तिचे सरकारी अनुदान थांबवावे, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. महिन्याभरापूर्वीच त्यांनी कौन्सिलचे नियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली होती. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ठरावापासून ओंजळीपर्यंत चार वर्षे आणि ओंजळीपासून निकालापर्यंत दहा!

आपल्या कोल्हापुरात गोष्ट वेगळी घडली. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०२ सालीच मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुसलमान मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग उभे राहिले. शाळा-दवाखान्यांत अस्पृश्यांना बरोबरीने वागवावे, असे हुकूम त्यांनी १९१९ साली काढले, म्हणजे बोले यांच्या ठरावाच्या चार वर्षे आधी. राजा चांगला होता म्हणून हुकूम चांगला निघाला. १९२२ साली महाराज वारले. त्यानंतर शेतसारा जड झाला किंवा एखादा अधिकारी मनमानी करू लागला, तर शिरोळच्या शेतकऱ्याने प्रश्न कोणाला विचारायचा? चिकोडीच्या शेतकऱ्याला निदान एक सभासद होता, मग तो कसाही असो.

गंमत अशी, की संस्थानातली माणसे बाहेर जाऊन त्या सभागृहात पोहोचली. कोल्हापूर दरबारात नोकरी केलेले भास्करराव जाधव साताऱ्यातून निवडून आले आणि मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे बेळगावात वकिली करीत. पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. त्यांच्या जन्मगावाला मात्र तेव्हाही मत नव्हते.

१९३९ साली आपल्या जयसिंगपुरात प्रजा परिषद भरली. माधवराव बागल आणि निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार तिचे पुढारी होते. शेतसारा कमी करा आणि राज्यकारभार प्रजेला जबाबदार करा, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. पुढे हेच रत्नाप्पाण्णा भारताच्या संविधान सभेचे सदस्य झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५२ च्या आरंभी शिरोळच्या शेतकऱ्याने, मजुराने, विणकराने आणि त्यांच्या घरच्या बायकांनी पहिल्यांदा विधानसभेसाठी मत दिले. शेतसाऱ्याची पावती कोणी विचारली नाही.