थंड मुलखातली वांगी
अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन, व्हरमाँटमध्ये उन्हाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा. वांग्याला ऊब हवी. रात्री पारा 15 अंशांखाली राहिला की वाढ खुंटते, फुलं गळतात. म्हणून रोपं मार्च-एप्रिलमध्येच उबदार जागेत तयार करून जूनच्या सुरुवातीला काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनावर लावतात. पॉलिहाऊस असेल तर फारच उत्तम. कोवळ्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली, की उड्या मारणारे बारीक काळे भुंगेरे आलेच समजा. त्यांना रोखायला लागवडीच्या दिवशीच रोपांवर पातळ कापड पांघरावं, फुलं धरली की काढावं. मोठ्या वाणांच्या मागे लागण्यात इथे अर्थ नाही. ‘फेअरी टेल’ या वाणाची बोटभर, पांढऱ्या रेघांची जांभळी वांगी लवकर तोडणीला येतात. भरल्या वांग्यांसाठी लहान गोल वांगी शोधणारं मराठी गिऱ्हाईकही अमेरिकेत आहेच.