कॉम्प्रेसर एकटा मरत नाही

गेल्या मे महिन्यात सोलापूरच्या वाटेवर आमच्या वीस वर्षे जुन्या गाडीच्या एसीने दगा दिला. बॉनेटखाली खडखडाट झाला, पट्टा जळल्याचा वास आला आणि थंड झोताऐवजी गरम हवा येऊ लागली. परतल्यावर पहिल्या गॅरेजमधील मिस्त्री म्हणाले, "साहेब, कॉम्प्रेसर गेला. दुसरा टाकू, गॅस भरू, संध्याकाळी गाडी घेऊन जा." दुसऱ्या गॅरेजमधील वयस्क मिस्त्रींनी आधी यंत्राने आतला गॅस काढून घेतला, एक नळी उघडली आणि तिच्यातले तेल पांढऱ्या फडक्यावर टिपले. तेल काळेकुट्ट होते आणि त्यात धातूचे बारीक कण चमकत होते. "नुसता कॉम्प्रेसर बदललात, तर नवाही फार दिवस टिकायचा नाही," ते म्हणाले.

या दोन उत्तरांपैकी बरोबर कोणते? त्यासाठी एसीत काय चालते ते आधी पाहू या.

हातावर स्पिरिट टाकले की गार वाटते, कारण बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता ते आपल्या त्वचेतून घेते. गाडीच्या एसीतील शीतक हेच काम करते. २००० सालानंतरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए नावाचे शीतक असते. नेहमीच्या वातावरणीय दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. दाब वाढवला की उत्कलनबिंदूही चढतो: वातावरणाच्या तिप्पट दाबाला तो शून्य अंशाच्या आसपास असतो, तर तेरापट दाबाला सुमारे ५० अंश. सारी युक्ती या दोन आकड्यांत आहे. गाडीच्या आत, कमी दाबाखाली, शीतक उकळते व हवेतील उष्णता घेते. ही उष्णता बाहेरच्या ४० अंशांच्या हवेला द्यायची, तर शीतक त्याहून गरम असले पाहिजे. म्हणून कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब वाढवतो. मग रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये तिचे पुन्हा द्रव होते आणि हा द्रव एका अरुंद झडपेतून परत कमी दाबाच्या बाजूला सोडला जातो.

हा बंद फेरा आहे. पेट्रोल जळून संपते तसे शीतक कधीच संपत नाही. तेव्हा 'गॅस कमी झाला' याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटारीसकट एका बंद डब्यात असतो. गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे त्याचा दांडा बाहेर आणावा लागतो. तेथे सील बसवलेले असते आणि झिजले की तेच गळते.

आता मुख्य मुद्दा. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही शीतकाबरोबरच साऱ्या नळ्यांतून फिरते. गळतीतून गॅसबरोबर थोडे तेलही जाते. शिवाय गॅस कमी झाला की दूरच्या नळ्यांतले तेल कॉम्प्रेसरकडे परत आणायला पुरेसा प्रवाह उरत नाही. कोरडे भाग एकमेकांवर घासतात, तापतात, कणाकणाने झिजतात आणि शेवटी यंत्र जाम होते. तोवर ते कण तेलाबरोबर पुढे जाऊन कंडेन्सरच्या अरुंद वाटांत आणि झडपेच्या तोंडाशी बसलेले असतात. पहिल्या मिस्त्रींनी हे पाहिलेच नव्हते.

एसी बंद पडला म्हणजे कॉम्प्रेसरच गेला, असे मात्र नाही. त्याच्या तोंडाशी विद्युतचुंबकीय क्लच असतो. त्याच्या गुंडाळीचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला ३ ते ४ अँपिअर प्रवाह. मीटरवर रोध अनंत आला, तर गुंडाळी तुटलेली आहे. कधी साधा फ्यूज किंवा रिले गेलेला असतो. इंजिन बंद करून क्लचची पुढची चकती हाताने फिरवून पाहावी. ती फिरली, तर कॉम्प्रेसर जाम झालेला नाही. आमची तसूभरही हलली नाही.

मग दुरुस्ती अशी झाली. कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर आणि झडपही बदलली, कारण आधुनिक कंडेन्सरच्या बारीक वाटा धुऊन पुरत्या साफ होत नाहीत. नळ्या मात्र धुऊन घेतल्या. ओलावा शोषणारा ड्रायर नवा घातला. ओलावा का नको? झडपेच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो, आणि शीतक व तेल यांच्याशी संयोग पावून तो आम्लेही तयार करतो. शिवाय या गाड्यांतले तेल हवेतली वाफ झपाट्याने शोषते, म्हणून त्याचा डबा उघडा ठेवत नाहीत.

यानंतर निर्वात पंप लावला. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. नळ्यांतला दाब त्याखाली नेला की आतले पाणी त्याच तापमानाला उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहिला, म्हणजे गळती नाही. शेवटी शीतक तराजूवर मोजून भरले.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी घ्या, आतली हवा काढा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढा. पाणी उकळू लागलेले दिसेल. हात भाजणार नाही एवढेच पाणी गरम असू द्या.

गॅस यंत्राने काढण्याचा आग्रह कशासाठी? आधीच्या पिढीच्या गाड्यांत आर-१२ हे क्लोरोफ्लुओरोकार्बन असे. अशी संयुगे ओझोनचा नाश करतात हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती क्रमाने बंद झाली. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट उष्णता अडवते. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही मर्यादा आणली. लहान गाडीत ते सुमारे अर्धा किलो असते. ते हवेत सोडणे म्हणजे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे नळी उघडून केलेली एक 'फुस्स' २८० लिटर पेट्रोल जाळण्याबरोबर!

आता आमची कबुली. त्याआधीचे तीन उन्हाळे आम्ही दरवर्षी गॅस भरून घेतला होता. कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी तेलाचा डाग होता, तोही पाहिला होता. विद्यार्थ्यांना द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवणाऱ्या आम्ही, तो गॅस जातो कुठे, हा प्रश्न एकदाही विचारला नाही. पहिल्याच वर्षी विचारला असता, तर एका सीलवर काम भागले असते.