आमचा उकिरडा

आमच्या घरामागे सांदवाडीत एक उकिरडा आहे. आजी त्याला उकंडा म्हणते. उकिरडा तर सगळ्यांच्याच घरामागे असतो, त्यात लिहिण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. मलाही आधी तसेच वाटत होते. पण यंदा श्रावणात आमच्या शेतात जे झाले त्यामुळे मला उकिरड्याची खूप माहिती मिळाली. ती मी सांगते.

आमच्या घरी कोणतीही वस्तू लवकर फेकत नाहीत. काही फेकायला निघाले की आजी ओरडते, "अवं, फेकू नोको, कामी येते." आजीचे एक सुती लुगडे होते. ते विरले तेव्हा त्याची वाकळ शिवली. ती वाकळ माझ्या लहान भावाला झाली. वाकळ फाटली तर तिचे पायपुसणे केले. पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या तेव्हा आईने त्याचे चुलीला पोतेरे केले. पोतेरे कुजले तेव्हा ते उकिरड्यात गेले. उकिरड्याचे खत झाले, खत शेतात गेले आणि शेतात पऱ्हाटी उगवली. म्हणजे कापूस शेतातून निघाला आणि फिरून शेतातच गेला. मध्ये किती वर्षे गेली ते आजीलाही आठवत नाही. परंतु आता आजीचे नवीन लुगडे नायलॉनचे आहे. ते पोतेऱ्याच्या कामाचे नाही, कारण ते पाणी पीत नाही, आणि उकिरड्यात टाकले तर कुजतही नाही.

भाजीचे देठ, हरभऱ्याची टरफले, कांद्याचा पाला आमच्या घरी वाया जात नाही. बरेचसे ढोरं खातात. जे ढोरं खात नाहीत ते शेण, राख आणि झाडलोटीचा कचरा यांच्याबरोबर उकिरड्यात जाते. फुटकी बादली असेल तर तिच्यात आई तुळस नाहीतर कोथिंबीर लावते. खताच्या रिकाम्या पोत्यांचे तळवट शिवतात, त्यावर तूर वाळवतात. भंगारवाला लोखंड, पत्रा, शिशा आणि रद्दी नेतो. मग राहिले काय? राहिली ती पाकिटे, आणि मी ज्याबद्दल लिहिते आहे ती गोष्ट पाकिटांचीच आहे.

आपण सगळे दुकानातून ५ रुपयांचे पाकीट घेतो. कोणी कुरकुरे घेतो, कोणी चिप्स. खाऊन झाले की पाकीट हातात राहते. मी ते सांदवाडीत नेऊन उकिरड्यात टाकत होते. मला वाटायचे की रस्त्यावर टाकले नाही म्हणजे मी शहाणी मुलगी आहे. उकिरड्यात सगळ्याचेच खत होते, तर पाकिटाचेही होईल असा माझा समज होता.

वैशाखात बाबांनी बंडीत भरून खत शेतात नेले आणि पसरवले. मग पाऊस आला, सरकी टोबली, पऱ्हाटी वर आली. श्रावणात एका रविवारी मी आईबाबांबरोबर निंदायला गेले. आईच्या विळ्याला सारखे काहीतरी चमचम लागत होते. पाहिले तर पाकिटे! वरची माती धुऊन गेली होती आणि पाकिटे वर आली होती. रंगसुद्धा गेला नव्हता. मी गोळा करू लागले. दोन तासांत (म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळींत, घड्याळाचे तास नव्हेत) ४३ निघाली. एका जागी पऱ्हाटीचे झाड पिवळे होऊन मेले होते. बाबांनी ते उपटले. खाली एक पन्नी पसरलेली होती. पऱ्हाटीचे सोटमूळ सरळ खाली जात असते, हे आपण परिसर अभ्यासात शिकलो आहोत. हे मूळ पन्नीपर्यंत गेले होते आणि तेथून आडवे वळले होते.

बाबा म्हणाले, "हे कोनं टाकलं वं उकंड्यात?"

मी काही बोलले नाही. पण लाल पाकीट आमच्या घरी फक्त मीच खाते, आणि त्या ४३ मध्ये अर्ध्याहून जास्त लाल होती. बाबांना ते समजले. ते मला रागावले नाहीत. त्यांनी पुढची ओळ धरली. ते रागावले असते तर बरे झाले असते असे मला त्या दिवशी वाटले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले की लुगड्याचे खत होते, मग पाकिटाचे का होत नाही? बाईंनी सांगितले की कचरा आपोआप कुजत नसतो. त्याला खाणारे असतात. गांडुळे, बुरशी, वाळवी आणि डोळ्यांना दिसत नाहीत असे कोट्यवधी सूक्ष्म जीव मातीत राहतात. पाला, शेण, सुती चिंधी, कागद हे त्यांचे जेवण. ते खातात आणि त्याची माती करतात. त्यांना हवा आणि ओल लागते. प्लास्टिक मात्र माणसाने कारखान्यात खनिज तेलापासून बनवले आहे. ते त्यांना खाता येत नाही. ते उन्हाने कडक होते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात, पण ते मातीतच राहते. मी बाईंना विचारले, जाळले तर? बाई म्हणाल्या की जाळल्याने त्याचा विषारी धूर होतो आणि तो आपल्याच नाकात जातो. आमची आजी चूल पेटवायला पन्नी वापरत होती. मी तिला हे सांगितले तर आधी तिने ऐकले नाही. मग एकदा तिला जोराचा ठसका लागला, तेव्हापासून ती पऱ्हाटीची काडी आणि कुटार वापरते.

मग मला युक्ती सुचली की पाकिटे भंगारवाल्याला द्यावीत. तो सायकलवर आला तेव्हा मी त्याच्यापुढे पिशवी धरली. त्याने एक पाकीट घेतले, आतून चंदेरी बाजू मला दाखवली आणि परत दिले. तो म्हणाला, "याले वजन नाई अन् गिऱ्हाईक बी नाई." ती चंदेरी बाजू म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो प्लास्टिकला असा चिकटलेला असतो की वेगळा करणे फार कठीण. म्हणून बादली, बाटली वितळवून पुन्हा वस्तू करतात, पण पाकिटाला कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे भंगारवालासुद्धा पाहत नाही ती वस्तू आपण रोज विकत घेतो, हे मला नवलच वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी सांदवाडीत नाडेपची टाकी बांधली. हे नाव ऐकून मला वाटले की इंग्रजी आहे. पण नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद आहे. तेथील ना. दे. पांढरीपांडे यांनी ही पद्धत शोधली. ना, दे, पां या अक्षरांवरून नाडेप झाले. टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. विटांच्या भिंतीत मध्ये मध्ये खिडक्यांसारखी भोके ठेवतात. माझ्या भावाला वाटले की विटा कमी पडल्या. पण ती भोके हवेसाठी असतात, कारण आत ते सूक्ष्म जीव काम करतात.

टाकी भरायची रीत अशी आहे. आधी आतून शेणाचा सडा मारायचा. मग अर्धा फूट काडीकचरा, पालापाचोळा. त्यावर शेण कालवलेले पाणी. त्यावर चाळलेल्या मातीचा थर. परत कचरा, परत शेणपाणी, परत माती. असे टाकीच्या वर दीड फूट झोपडीसारखे येईपर्यंत भरायचे आणि चिखलाने लिंपून टाकायचे. पंधरावीस दिवसांत ते खाली बसते, मग वर आणखी भरून पुन्हा लिंपायचे. भेगा पडल्या तर शेणाने सारवायच्या. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. यात शेण सुमारे १०० किलो लागते आणि खत जवळजवळ ३ टन निघते. आमच्याकडे आता दोनच ढोरं आहेत, म्हणून बाबांना ही टाकी आवडली. नुसत्या उकिरड्याला इतक्या शेणात एवढे खत होत नाही.

यात एक अट आहे. भरण्याआधी कचऱ्यातून काच, दगड आणि प्लास्टिक निवडून काढायचे. बाबांनी ते काम मला दिले. मी दोन दिवस जुना उकिरडा निवडत बसले. वास येत होता. माझी मैत्रीण आली आणि नाक धरून पळाली. मला लाज वाटली.

तेव्हा आजोबांनी मला सुरगावची गोष्ट सांगितली. सुरगाव आपल्याच वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ आहे. १९४६ साली विनोबाजी रोज खांद्यावर फावडे घेऊन पवनारहून सुरगावला पायी जात आणि गावाची घाण उचलत. ती मातीत झाकली तर तिचे सोनखत होते, उघडी राहिली तर रोगराई होते, हे ते स्वतः करून दाखवत. एकदा खूप पाऊस झाला आणि गावाजवळच्या नाल्याला पूर आला. विनोबाजी अलीकडच्या काठावर थांबले. त्यांनी पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितले की देवळातल्या देवाला निरोप द्या, गावाचा भंगी आला होता, पण पुरामुळे येता आले नाही. आणि ते परत गेले. पुरातसुद्धा त्यांनी निरोप चुकवला नाही, हे आजोबांना फार आवडते. नाडेपच्या टाकीत मातीचा थर का देतात ते मला या गोष्टीने समजले.

गणपतीनंतर आम्ही ओसरीतल्या खिळ्याला एक पोते टांगले होते. न कुजणारे सगळे त्यातच टाकायचे असे ठरले. महिना झाल्यावर मी ते ओतून मोजले. माझी आणि भावाची खाऊची पाकिटे ३१. शांपूच्या पुड्या २२. किराण्याच्या पिशव्या १७. खर्ऱ्याच्या पन्न्या ५३. खर्रा कोण खातो ते मी येथे लिहीत नाही, कारण हे भित्तिपत्रक वाचायला पालक येणार आहेत.

मोजल्यावर काही गोष्टी सोप्या झाल्या. आईने किराण्यासाठी जुन्या पँटच्या कापडाची पिशवी शिवली. बाबा ती सायकलला अडकवून ठेवतात, नाहीतर ते विसरतात. महाराष्ट्रात २०१८ सालीच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण दुकानदार देतो आणि आपण घेतो. शांपूऐवजी आजी शिकेकाई लावते, आम्हाला ती डोळ्यांत झोंबते, म्हणून तो आकडा फार कमी झाला नाही. खाऊसाठी आई डब्यात मुरमुऱ्याचा चिवडा करून ठेवते. दुसऱ्या महिन्यात माझी आणि भावाची पाकिटे मिळून ९ आली. त्यातली ६ भावाची आहेत. पन्न्या ४१ झाल्या.

ते पोते आता भरले आहे. त्याचे काय करायचे हे आमच्या घरी कोणालाच माहीत नाही. आमच्या गावात कचरा न्यायची गाडी नाही. बाबा म्हणतात की वर्ध्याला जाईन तेव्हा विचारून पाहीन. तोपर्यंत पोते खिळ्यालाच आहे.

कागदाचे मात्र तसे नाही. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला. तेथे चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून, त्याचा लगदा करून हातकागद बनवत. आम्ही मुले जुन्या वह्यांची कोरी पाने काढून सुईदोऱ्याने शिवतो आणि त्याची कच्ची वही करतो. हा लेखसुद्धा ज्यावर चिकटवला आहे तो पुठ्ठा पाठ्यपुस्तकांच्या खोक्याचा आहे. खरे वाटत नसेल तर मागून पाहा.

आमची टाकी अजून उघडली नाही. होळी झाली की उघडू. खत चाळून शेतात न्यायचे आहे आणि चाळायला मी जाणार आहे. एकही पाकीट निघणार नाही असे मी बाबांना सांगितले आहे. पण टाकी लिंपायच्या दिवशी माझा भाऊ हातात टिकल्यांची डबी आणि चॉकलेट घेऊन त्या भोकांजवळ फिरत होता. ते चॉकलेटचे कागद कुठे गेले, हे तो अजून सांगत नाही.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा