बूड सांभाळा, बॉस!

नवी सायकल घेतली की पहिला आठवडा एकदम झकास जातो. हेल्मेट, ग्लोव्हज, बाटलीचा स्टॅण्ड, सगळं मॅचिंग! दुसऱ्या आठवड्यात हीच मंडळी ऑफिसच्या खुर्चीत जरा तिरकी बसायला लागतात. आमच्या टीममध्ये अशा तीन सायकली शहीद झाल्या. त्यातली एक आता बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामी येते. ना चढ नडला, ना ट्रॅफिक. नडली ती सीट.

यावर दुकानात ठरलेला उपाय म्हणजे जेलचं कव्हर. अंगठ्याने दाबून बघायचं, गादीसारखं लागलं की पैसे द्यायचे. मी कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जातो, आणि माझं ठाम मत आहे की अंगठ्याला आवडलेली सीट बुडाला आवडेलच असं नाही. कोपऱ्यावरून भाजी आणायची असेल तर मऊ सीट मस्तच. तासभर बसायचं असेल तर गणित उलटं होतं.

आपण बसतो ते दोन हाडांवर. कडक खुर्चीत हात खाली घालून बघा, लगेच सापडतील. वजन त्यांनी पेलायचं असतं. सीट फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला फोम वर येऊन दाबतो, तोही नेमका नाजूक भाग, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. नवीन माणसाची हाडं पहिले काही दिवस दुखतात, ते सवयीने कमी होतं. पण मुंग्या किंवा बधिरपणा हे ‘होईल सवय’ म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही, राव! सीट किंवा तिची सेटिंग बदला. तरी थांबलं नाही तर न लाजता डॉक्टर गाठा.

म्हणजे बघायची ती रुंदी. तिचं माप घरीच निघतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, त्यावर बसा, थोडं पुढे वाका. पुठ्ठ्यात दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात साधारण २ ते ३ सेंटीमीटर मिळवा. अंतर ११ आलं तर १३ ते १४ सेंटीमीटर रुंद सीटपासून ट्रायल सुरू करा. मुलींमध्ये हे अंतर सहसा जास्त असतं, पण ‘लेडीज’ लेबलपेक्षा पुठ्ठ्यावर विश्वास ठेवा.

शिवाय तुम्ही बसता कसे, हेही बघा. आजोबांच्या काळ्या हर्क्युलसची सीट रुंद आणि स्प्रिंगवाली होती, कारण आजोबा ताठ बसायचे आणि सगळं वजन सीटवर यायचं. रोड बाइकवर तुम्ही वाकता, वजन हातापायांवर वाटलं जातं, म्हणून तिथे अरुंद सीट चालते. तीच रुंद सीट तिथे लावली तर मांड्या घासतात.

चामड्याच्या सीटचे भक्त वेगळेच. इंग्लंडची ब्रूक्स ही १८६६ पासूनची कंपनी, आणि तिची ‘बी १७’ म्हणजे त्यांचं दैवत. तिच्यात गादीच नसते! ताणलेलं चामडं काहीशे किलोमीटरनंतर तुमच्या आकाराचं होतं. प्रकार शाही आहे, पण चामडं भिजवून चालत नाही. जून ते सप्टेंबर पुण्यात रोज सायकल काढणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

आता फुकटातला इलाज. नवी सीट घेण्याआधी जुनीच नीट लावून बघा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असली की कंबर डावी-उजवी डुलते आणि कातडी सोलवटते. टोक वर असेल तर पुढे दाब येतो. फार खाली असेल तर तुम्ही घसरता आणि मनगटं बोंबलतात. मोबाइलवरच्या लेव्हल ॲपने सपाट करा, मग एकदोन मिलिमीटरच इकडे-तिकडे. पॅडवाली शॉर्ट्स घ्याच, आणि हो, तिच्या आत काही घालायचं नसतं. शिवणी काचतात.

दुकानदाराला आधीच विचारा, आठवडाभर चालवून सीट बदलून मिळेल का? नाही म्हणाला तर पुढचं दुकान. आणि महागातली घेतलीत तर सीटखालचा झटपट उघडणारा खटका काढून साधा बोल्ट लावा. नाहीतर संध्याकाळी पार्किंगमध्ये नुसती दांडी उरेल, आणि घरापर्यंत उभ्याने पेडल मारत जावं लागेल!